योगराजभाऊची शिस्त

माणसानं मोबाइलवर किती जीव लावावा याला काही सुमार? "एवढा जीव बायकोवर लावला असता ना भाऊ, तर रंजनाचं सोनं झालं असतं," असं मी योगराजभाऊला तोंडावर म्हणायचे आणि तो हसायचा. राग ही गोष्ट देवानं त्याला दिलीच नाही. त्याच्या वाटणीचा सगळा माझ्याकडे आला. मी उज्ज्वला, त्याची शेजारीण. इथं गुजरातेत, डिंडोलीत आमची खोल्यांची एक लाइन आहे, सगळे आपल्या खान्देशातले, आणि त्याच्या नि माझ्या घरात भिंत एकच. त्याच्या घरात फोडणी टाकली की ठसका मला लागतो.

पर्वत पाटियाजवळ साड्यांचं एक गोदाम आहे, तिथं तो फोल्डिंगला. साडीची घडी घालायची, वर बाईच्या फोटोचं लेबल लावायचं, चकचकीत पिशवीत सरकवायची. दिवसभर हेच. त्यामुळे सगळं कसं घडी घातल्यासारखं पाहिजे, हा त्याचा स्वभावच होऊन गेलेला. आणि नवीन अ‍ॅपचं नाव काढलं की स्वारी खूश. कोणाचं लाइटबिल भरायचंय, कोणाचा गॅस लावायचाय, कोणाला दवाखान्याचा नंबर पाहिजे, कोणाची गाडी नंदुरबारहून सुटली की नाही बघायचंय, जा योगराजभाऊकडे. माझे मालक सचिन गावातल्या कारखान्यात मोबाइल विसरून आले, तर यानं घरबसल्या सांगितलं की फोन अजून कारखान्यातच आहे. मला तर बोलून शोधायचं त्यानंच शिकवलं. आधी मी फोनला हातसुद्धा लावत नव्हते, आता भरीत कसं करायचं तेही फोनलाच विचारते, खान्देशी बाई असून!

त्याचा खरा अभिमान म्हणजे ग्रुप. 'खान्देश परिवार, डिंडोली'. तो अ‍ॅडमिन व्हायच्या आधी त्या ग्रुपचा नुसता भाजीबाजार होता. सकाळ झाली की गुलाबाची फुलं, दुपारी वाह्यात जोक, संध्याकाळी भांडणं. एकदा टेंपोवाल्या किसनभाऊंनी कोणाच्या तरी मयताच्या बातमीखाली हसणारं तोंड पाठवलं. बोट घसरलं बिचाऱ्याचं. पण ज्यांच्या घरी मयत झालं होतं ते वर्षभर किसनभाऊंच्या दारावरून गेले नाहीत. तेव्हापासून योगराजभाऊनं शिस्त लावली. फुलं बंद, जोक बंद. दुःखाची बातमी आली की प्रत्येकानं दोन शब्द लिहायचेच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेले. त्या दिवशी ग्रुपवर दुसरं काही टाकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्या घरी फोन करायचा नाही. "त्यांच्यावर डोंगर कोसळलेला असतो ताई, आणि लोक फोन करून विचारतात, कसं झालं, केव्हा झालं. माणुसकी आहे का ही? गुपचूप जायचं, मांडीला मांडी लावून बसायचं."

लोकांना पटलं. उधन्याच्या ग्रुपनं उचललं, लिंबायतच्या ग्रुपनं उचललं. बातमीचं कार्डही योगराजभाऊच बनवून द्यायचा, फुकट. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं. त्यात माणसाचा फोटो टाकला की तो काळा-पांढरा व्हायचा, भोवती झेंडूचा हार यायचा, खाली समई. खाली नाव आणि वेळ लिहायची, झालं. लांबून बघितलं तरी कळायचं की कोणीतरी गेलं. आमच्याकडे अक्षर कोण वाचतंय? हार दिसला की हात जोडायचे.

आता त्याची आई, मंगलाबाई. मी त्यांना माय म्हणायचे. दोनेक वर्षांपासून त्यांचं डोकं विस्कटत चाललं होतं. आधी मीठ विसरल्या, मग सून विसरल्या, मग लेकालाच विचारायला लागल्या, "तू कोन शे रे भाऊ?" योगराजभाऊ हसून सांगायचा, मी तुझा योगराज. आणि बाहेर येऊन आमच्या ओट्यावर गप्प बसायचा. मला त्या सरस म्हणायच्या. सरस्वती म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दोंडाईचाला असते. मी टिकल्या लावायच्या साड्या घेऊन बसले की त्या शेजारी येऊन बसणार आणि माझा पदर ओढणार. "सरस, चाल ना व माय. माले दोंडाईचाले जानं शे." मी म्हणायचे, जाऊ हं, एवढी साडी होऊ द्या. खोटं बोलायचे. पण त्यांचं समाधान व्हायचं.

त्या हरवू नयेत म्हणून भाऊनं त्यांच्या गळ्यात दोरीनं एक छोटा फोन अडकवला होता. त्याच्या मोबाइलवर एक निळा ठिपका दिसायचा. ठिपका जिथं, माय तिथं. गोदामात बसून दिवसातून दहादा तो ठिपका बघायचा.

त्या शनिवारी सकाळी रंजना धुणं घेऊन गच्चीवर गेली. खाली आली तर दार उघडं, माय नाही. तिनं हाक मारली तशी मी हातातली साडी टाकून धावले. भाऊला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरू नका, ठिपका घरातच दाखवतोय. बाजूच्या कोणाकडे गेली असेल." मग काय, आम्ही लाइनीतलं एकेक घर धुंडाळलं. पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं, जिन्याखाली बघितलं, शेजारच्या बिल्डिंगची गच्ची बघितली. भाऊ गोदामातून येऊन पोचला तरी ठिपका आपला घरातच. शेवटी रंजनानं भाकरीचं पीठ काढायला म्हणून नाही, वेड्यासारखे सगळे डबे उघडले. फोन ज्वारीच्या पिठात होता. दोरी काचत असेल मानेला. काढून ठेवला म्हातारीनं, नीट झाकण लावून.

रंजना मटकन खाली बसली. भाऊचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा बघितला. माझे मालक स्कूटर घेऊन उधना स्टेशनवर गेले, कारण जाणार तर ती दोंडाईचाच्याच गाडीला जाणार, हे आम्हाला कळत होतं. गाडी केव्हाच सुटली होती.

"मी आत्ता सगळ्या ग्रुपवर टाकतो," भाऊ म्हणाला. त्यानं ते कार्ड बनवायचं अ‍ॅप उघडलं. आदल्या दिवशीच त्यानं कोणाचं तरी मयताचं कार्ड केलं होतं, तोच साचा समोर आला. त्यानं मायचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'माझी आई मंगलाबाई सकाळपासून हरवली आहे. कोणाला दिसल्यास ताबडतोब फोन करा.' आणि नंबर. अक्षर अक्षर बरोबर. पण साचा बदलायचं राहिलं. काळा-पांढरा फोटो, झेंडूचा हार, खाली समई. पाठवलं, आणि एका दमात आणखी चार ग्रुपवर पाठवलं.

मी शेजारी उभी होते. मी बघत होते ते रस्त्याकडे.

टण टण टण वाजायला लागलं. भाऊला वाटलं, सापडली! बघतो तर, भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. माय गेल्या, एक पर्व संपलं. हात जोडलेले, हात जोडलेले, हात जोडलेले. ओळीनं. सगळे त्यानंच शिकवलेले, एकानंही शिस्त मोडली नाही.

"अरे देवा," तो म्हणाला आणि ते कार्ड पुसलं. सगळ्यांच्या फोनवरून पुसलं. दुसरा निरोप लिहिला, आई जिवंत आहे, हरवली आहे, शोधा. पण तो वर सरकत कुठल्या कुठे गेला, त्यावर पुन्हा जोडलेल्या हातांची रांग. आणि कार्ड तोवर पुढे गेलं होतं. लिंबायतला गेलं, उधन्याला गेलं, कडोदऱ्याला गेलं, धुळ्याला गेलं. जिथं गेलं तिथून पुसायचं कोणी? भाऊ दिसेल त्याला फोन लावत होता. अर्धे लोक उचलतच नव्हते. उचलून काय बोलायचं, माणूस दुःखात आहे, त्याला बोलवत नसेल, असा विचार करून कापत होते आणि लिहून पाठवत होते, 'येतोय, धीर धरा.' दोंडाईचाला सरस्वतीमावशीचा मुलगा दीपक, त्यालाही भाऊनं फोन लावला. दीपकनंही कापला. लगेच निरोप आला, 'आईला घेऊन निघालोय. रडू नको भाऊ.' योगराजभाऊनं लिहिलं, माय मेली नाही, तिकडच्या स्टेशनांवर बघा. एकच टिक. नवापूरच्या बाजूला रेंज नसते. ती एक टिक तो बघत बसला, दुसरी येईना.

आम्ही पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबानं सगळं लिहून घेतलं, सभ्य माणूस होता, आणि फोटो मागितला. भाऊनं दाखवला. साहेब थबकला. त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर आपलाच धुळ्याकडचा निघाला, त्यानं सकाळी कार्ड दाखवलं होतं. "आ माजी तो गुजरी गया ने?" साहेब म्हणाला, या आजी तर वारल्या ना. भाऊ टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला. मी साहेबाला समजावलं, माझ्या मोडक्या गुजरातीत, आणि समजावताना मलाच वाटायला लागलं की मी खोटं बोलतेय.

घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. पांढऱ्या टोप्या घालून पुरुष सतरंजीवर बसलेले, बायका आत रंजनाच्या गळ्यात पडून रडतायत. शेजारणींनी भाकऱ्या आणि पिठलं आणून ठेवलेलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. आणि किसनभाऊ टेंपोत बांबू घालून आलेले. मडकंसुद्धा आणलं होतं. समाजात कोणी गेलं की हे काम ते न सांगता करतात, देवमाणूस. पण माझं टाळकं सटकलं. मी त्या टेंपोवर चढून बांबू रस्त्यावर फेकायला लागले. "कोणाला बांधताय यावर? मला बांधा! म्हातारी जिवंत आहे, उन्हात कुठं फिरतेय देव जाणे, आणि तुम्ही इथं मांड्या घालून बसलाय!"

भाऊ हात जोडून एकेकाला सांगत होता, "उठा हो, बसू नका, शोधायला चला. तुम्ही शंभर माणसं आहात, प्रत्येकानं एक रस्ता घेतला तरी सापडेल." एक म्हातारे उठले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्याला हळूच म्हणाले, "धक्का बसलाय पोराला. आई गेली हे मानायला तयार नाही." आणि पुन्हा बसले. मला सांगा, अशा वेळी काय करावं माणसानं? डोकं आपटून घ्यावं? शेवटी किसनभाऊंना पटलं. त्यांना पटलं म्हणून थोडे उठले, मोटरसायकली काढल्या, पांगले. दुपार तोवर कलली होती.

दिवेलागणीला रिक्षातून सरस्वतीमावशी उतरल्या. दीपक त्यांना धरून आणत होता. दारातूनच त्यांनी टाहो फोडला. योगराजभाऊ धावत गेला, त्यांचे दोन्ही खांदे धरले. "मावशी, माय मेली नाही. हरवलीय. तिकडं दोंडाईचाला तर नाही ना आली?"

मावशी रडता रडता थांबल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण माले तर ती दिसनी."

"कुठं?"

"व्यारा स्टेशनवर." मावशी सांगायला लागल्या आणि त्यांचा आवाज एकेका शब्दाला बारीक होत गेला. इकडं येताना वाटेत गाडी व्यारा स्टेशनात थांबली होती. दीपक पाण्याची बाटली भरायला दाराकडे गेला होता. मावशी खिडकीत. समोर बाकड्यावर मंगला बसलेली. हिरवं लुगडं, पायात एकच चप्पल. तिनं यांना बघितलं, उठून उभी राहिली, हात वर केला, तोंडानं काहीतरी म्हणाली. मावशींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आपल्यात म्हणतात ना, गेलेलं माणूस दहाव्यापर्यंत आपल्या माणसांत फिरतं. त्यांना वाटलं, बहीण निरोप घ्यायला आली. माझ्यात किती जीव होता तिचा, वाट बघत थांबली माझी.

"मग तुम्ही काय केलं मावशी?" मी विचारलं.

"मी हात जोडात," मावशी म्हणाल्या. "मी तिले म्हणनू, सुखात जाय बहीन. आणि गाडी निंघनी."

रंजना किंचाळली. मावशी तिथंच पायरीवर कोसळल्या आणि कपाळ बडवायला लागल्या. दीपक नुसता मोबाइल हातात घेऊन उभा. दुसरी टिक उधना आल्यावर पडली होती, पण आईला सावरायच्या नादात त्यानं निरोप उघडलाच नव्हता.

किसनभाऊंच्या टेंपोतून आम्ही व्यारा गाठलं. भाऊ, माझे मालक, दीपक आणि मी. सरस्वतीमावशी ऐकेनात, त्याही आल्या. बाकडं रिकामं होतं. भाऊ वेड्यासारखा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला, माय, माय करत. चहाच्या टपरीवर एक बाई भांडी आवरत होती. मी तिला फोटो दाखवला, यावेळी रंगीत, बिनहाराचा.

"हा, आ माजी," ती म्हणाली. सकाळच्या गाडीतून पाण्याला म्हणून उतरल्या होत्या, गाडी निघून गेली. तिनं चहा पाजला, बिस्किट दिलं. घर कुठं विचारलं तर सांगता येईना. बस, एकच सांगायच्या, माझी बहीण येणार आहे न्यायला. प्रत्येक गाडी आली की उभ्या राहायच्या, खिडक्या बघायच्या, पुन्हा बसायच्या. दुपारी एक गाडी आली तेव्हा फार खूश झाल्या. हात करून हाका मारत होत्या, "सरस, सरस." खिडकीतल्या बाईनं हात जोडले आणि गाडी गेली.

"मग?" योगराजभाऊ मागे येऊन उभा होता.

"पछी रड्यां," ती बाई म्हणाली. मग रडल्या, ती सांगू लागली. मी जवळ घेतलं. म्हणाल्या, तिनं मला नमस्कार केला, परक्या बाईला करतात तसा. मग बसल्याच नाहीत बाकड्यावर. मी गिऱ्हाईकाकडे वळले तेवढ्यात बाहेर पडल्या. ह्या बाजूला. नाही तर त्या बाजूला असेल, मी बघितलं नाही बहेन.

आम्ही बाजार बघितला, बस स्टँड बघितला, देवळं बघितली, दवाखाना बघितला. दुसऱ्या दिवशी शेतं बघितली. सरस्वतीमावशी घरोघर जाऊन विचारत होत्या, आणि समोरच्यानं उत्तर द्यायच्या आधीच रडायच्या. योगराजभाऊचा घसा बसला. माय सापडल्या नाहीत. आजपर्यंत नाहीत.

भाऊनं कामाला दांडी मारून मारून ते काम घालवलं. आता कडोदऱ्याला मिळेल ते करतो आणि सुट्टी आली की व्यारा, सोनगड, नवापूर, गाडीनं जातो आणि खाली उतरून फिरतो. त्या मोबाइलवर त्यानं ग्रुपचं सोडलं तर दुसरं एक अ‍ॅप ठेवलेलं नाही. ग्रुप मात्र सोडला नाही. गेल्या आठवड्यात त्यानं त्यावर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. कार्ड नाही, फोटो नाही, नुसता त्याचा बसका आवाज. "माझी आई कोणाला कुठंही दिसली, तर तिच्यापुढं हात जोडू नका. तिला हाक मारा. ती मंगला म्हटलं की वळते. तिचा हात धरा आणि मला फोन करा, कितीही वाजता करा, कसल्याही दुःखात करा." ऐकताना माझ्या हातातली साडी ओली झाली.

आणि त्याखाली काय आलं असेल? जोडलेले हात! पहिले कोणी पाठवले ते मी बघितलं. मग दुसरे आले, तिसरे आले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी टिकल्यांचं ताट बाजूला सारलं, चष्मा लावला आणि पहिल्या नंबरला फोन लावला. कोणी चंचल नावाचा, नवापूरला राहतो, मी त्याला जन्मात बघितलं नव्हतं.

"ताई, फार वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला.

"वाईट कसलं वाटतंय मेल्या!" मी म्हटलं. "नवापुरात राहतोस ना? पायात चप्पल घाल आणि स्टेशनवर जा. एकेक बाकडं बघ. गेल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही."

मला वाटलं, ठेवतो आता. पण मग दाराची कडी वाजली, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज यायला लागला. तो चालत होता. स्टेशनवर पोचल्यावर म्हणाला, "ताई, एक म्हातारी बसलीय." मी म्हटलं, हाक मार, मंगला म्हण. त्यानं हाक मारली. मला ऐकू आलं.

"नाही वळली ताई," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, दुसरीकडं बघ. आणि खालच्या नंबरला फोन लावला.